साइट सांभाळणाऱ्याची कमाई : पगार किती, आणि तो ठरतो कशावर?

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील गाव. एका अंगाला अंबाजोगाई, दुसऱ्या अंगाला कळंब. दिवाळीच्या सुमारास या भागातील वाड्यावस्त्या ऊसतोडीला निघून जातात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्याच दिवसांत आणखी एक वर्ग पिशवीत थापी, ओळंबा आणि टेप घालून पुण्या-मुंबईच्या गाड्या धरतो. त्याची चर्चा फारशी होत नाही. हे लोक म्हणजे गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी आणि त्यांच्या हाताखालचे बिगारी. आपल्या बिरादरीतील बरीच घरे याच हुनरावर चालतात.

या गावातील एका मिस्त्रींच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. त्यांच्या हातात मुलाच्या नोकरीचे पत्र होते. मुलाने तंत्रनिकेतनातून स्थापत्यशाखेची पदविका घेतली आहे, आणि पुण्याच्या एका बांधकाम कंपनीने त्याला साइट सुपरवायझर म्हणून दरमहा 25,000 रुपयांवर बोलावले आहे. मिस्त्री नाराज होते. म्हणाले, "मी शाळेची पायरी चढलो नाही, तरी महिन्याला तीस हजार सोडवतो. हा तीन वर्षे शिकला आणि बापापेक्षा कमी घेणार? त्यापेक्षा माझ्याबरोबर गुत्ते घ्यावे." मुलगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, "अब्बा, तुमचा हिशेब बरोबर नाही."

बाप खरा की मुलगा, हे आम्ही त्याच ओट्यावर कागद-पेन्सिल घेऊन तपासले. त्यातून जे हाती आले ते या पानाच्या वाचकांना, विशेषतः कारागीर आणि छोट्या गुत्तेदार बंधूंना, उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख.

काम एक, नावे पाच

बांधकामावर माणसे, माल, वेळ आणि पैसा या चार गोष्टींचा मेळ घालणारा तो व्यवस्थापक. शहरातील मोठ्या कंपनीत त्याला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात. त्याच्या खाली साइट इंजिनिअर, त्याच्या खाली सुपरवायझर, मग फोरमन, आणि शेवटी माणसे आणणारा मुकादम. गावाकडे हे पाचही जण एकाच माणसात असतात, आणि त्याला आपण मिस्त्री म्हणतो. तो सकाळी हजेरी घेतो, वाळू कमी पडली की घरमालकाला फोन करतो, सळईची बांधणी पाहतो, स्लॅबच्या दिवशी दहा माणसे जास्तीची गोळा करतो, आणि शनिवारी संध्याकाळी सर्वांचा हिशेब चुकता करतो.

हे काम जुनेच आहे. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय ही बांधणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्या कामाचा खर्च सहा लाख अडुसष्ट हजार रुपयांवर आल्याचा हिशेब जुन्या बखरीत सापडतो. खुद्द बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकात निजामशाहीतील सलाबतखानाने बांधवली, आणि तिची रचना राजा भास्कर यांची मानली जाते. दगड घडवणारा वेगळा आणि काम पुरे करून हिशेब देणारा वेगळा, हा भेद तेव्हाही होता.

आपल्या भागात हा भेद ठळक झाला तो 1993 नंतर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. 52 गावे नव्या जागी वसवायची होती. दगडमातीची घरे बांधणाऱ्या हातांना एकदम सिमेंट, सळई आणि भूकंपरोधक पट्टा शिकावा लागला. आमचे हे मिस्त्री त्या वेळी पोरसवदा बिगारी म्हणून लातूरकडे गेले, गवंडी होऊन परतले, आणि काही वर्षांनी स्वतःच्या नावावर गुत्ते घेऊ लागले. मात्र बिगारीचा गवंडी झाला तेव्हा मजुरी वाढली. गवंड्याचा व्यवस्थापक झाला तेव्हा त्या नव्या कामाची मजुरी त्यांनी कधी वेगळी मागितलीच नाही. गोम तिथेच आहे.

बापाचा हिशेब

मिस्त्रींनी सांगितलेले अलीकडचे एक काम घेऊ. घर 1,200 चौरस फुटांचे. माल मालकाचा, मजुरी यांची. दर चौरस फुटाला 300 रुपये. म्हणजे गुत्ते 3,60,000 रुपयांचे.

खर्च असा. दोन गवंडी 900 रुपये रोजाने आणि तीन बिगारी 550 रुपये रोजाने. दिवसाची मजुरी 3,450. असे 80 दिवस काम चालले, तेव्हा मजुरी 2,76,000. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकूंचे भाडे 25,000. मिक्सर, डिझेल, घमेली-फावडी धरून 9,000. एकूण खर्च 3,10,000. शिल्लक 50,000 रुपये.

आता दोन गवंड्यांपैकी एक स्वतः मिस्त्रीच होते. त्यांचा 80 दिवसांचा रोज 72,000 होतो. तो शिल्लकीत मिळवला की 1,22,000. काम चार महिन्यांत पुरे झाले. महिन्याला 30,500. मिस्त्री खोटे बोलत नव्हते.

पण मुलाने एक साधा प्रश्न विचारला. यातले थापीचे किती आणि देखरेखीचे किती? थापीचे महिन्याला 18,000, आणि सबंध गुत्ते सांभाळल्याचे 12,500. म्हणजे माणसे जमवणे, उचल देणे, मालकाची बोलणी खाणे, स्लॅब गळला तर पदरचे घालून दुरुस्त करणे, या साऱ्याचे मोल 12,500 रुपये. थापी हातात आहे तोवर तीस हजार. उद्या गुडघे दुखू लागले, डोळ्यांना ओळंब्याची दोरी दिसेना झाली, की 18,000 गेले. उरले 12,500.

आणि तेही सर्व सुरळीत झाले तर. त्याच कामावर वाळू वेळेवर आली नाही आणि मध्येच पाऊस झाला, असे धरू. काम 20 दिवस बंद. माणसे दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून पाच जणांना रोज 200 रुपये खर्ची द्यावी लागली, तर 20,000 गेले. शिल्लक 30,000, आणि काम लांबले पाच महिन्यांवर. देखरेखीची कमाई महिन्याला 6,000. त्यात घरमालकाने "स्लॅबला एक पावसाळा जाऊ द्या" म्हणून गुत्त्याचे पाच टक्के, म्हणजे 18,000 मागे ठेवले, तर हाती फक्त 12,000 रुपये येतात. पाच महिन्यांचे मिळून.

मिस्त्री बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे मागच्या साली झाले होते. मी म्हणायचो, पैसा येतो आणि जातो कुठे ते कळत नाही."

मुलाच्या पत्राचा हिशेब

मुलाचे पत्रही तपासण्यासारखे होते. 25,000 हा आकडा 'कंपनीला पडणारा एकूण खर्च' होता. मूळ वेतन 12,500. त्यावर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा 12 टक्के वाटा 1,500 रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 600 रुपये, दोन्ही या 25,000 मध्येच धरलेले. मग मुलाच्या वाट्याचे 1,500 निधीत, आणि व्यवसायकराचे 200. हातात येणार सुमारे 21,200. निधीचे पैसे आपलेच असतात, बुडत नाहीत, पण महिन्याचा किराणा त्यातून भरता येत नाही.

त्यातून पुण्यात खोली आणि खानावळ स्वतःच्या खर्चाने असेल तर दहा हजार सहज जातात. घरी पाठवायला अकरा हजार उरतात. कंपनीने साइटवर राहायची सोय केली, तर तीच नोकरी दुपटीने लाभाची ठरते. म्हणून पगाराचा आकडा ऐकून होकार-नकार देऊ नये. हातात किती, राहणे कोणाचे, आठवड्याची सुट्टी कोणती, आणि साइट बदलली तर प्रवासखर्च कोणाचा, हे चार प्रश्न आधी विचारावेत.

आणखी एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. ऑक्टोबर 2024 पासून केंद्राच्या अखत्यारीतील बांधकामांवर मोठ्या शहरांसाठी किमान वेतन ठरले ते असे: अकुशल 783 रुपये रोज, कुशल 954 रुपये, अतिकुशल 1,035 रुपये. महिन्याच्या 26 दिवसांचे अनुक्रमे 20,358, 24,804 आणि 26,910 रुपये होतात. म्हणजे पदविकाधारक सुपरवायझरला देऊ केलेला पगार आणि कुशल गवंड्याचे किमान वेतन जवळजवळ सारखेच. सुरुवातीच्या नोकरीत शिक्षणाचे मोल लगेच दिसत नाही, ही मिस्त्रींची तक्रार अगदीच चुकीची नव्हती. फरक पडतो तो पाचव्या-सातव्या वर्षी. गवंड्याची मजुरी हातांच्या वेगाशी बांधलेली असते, आणि हातांच्या वेगाला मर्यादा आहे. व्यवस्थापकाचा पगार तो किती मोठे काम सांभाळतो त्याच्याशी बांधलेला असतो.

अमेरिकेत 'बांधकाम व्यवस्थापक' हा सरकारी गणतीतील स्वतंत्र पेशा आहे. तेथील श्रम खात्याच्या आकडेवारीप्रमाणे मे 2024 मध्ये त्याचा मध्यम वार्षिक पगार 1,06,980 डॉलर होता. तिकडचा खर्च वेगळा, चलन वेगळे, त्यामुळे डॉलरचे रुपये करून हुरळून जाण्यात अर्थ नाही. घेण्याजोगी गोष्ट एवढीच की तिथे देखरेखीला स्वतःची किंमत आहे. आपल्याकडे ती थापीत मिसळून जाते.

पगार कशावर ठरतो?

पहिली गोष्ट कामाच्या आकाराची. दोन मजली घर सांभाळणारा आणि बारा मजली इमारत सांभाळणारा सारखेच घाम गाळतात, पण दुसऱ्याच्या एका दिवसाच्या उशिराने लाखाचे व्याज चढते. त्याच्या हुशारीची किंमत म्हणून जास्त. उलट ग्रामीण घरकुलाला सपाट भागात केंद्राच्या योजनेतून 1,20,000 रुपयांचे अनुदान ठरलेले आहे. त्या पैशात विटा आणि सिमेंटच कसेबसे बसते, देखरेखीला जागा कुठली? घरकुलांवरच अवलंबून राहणारा मिस्त्री म्हणूनच वर येत नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या जातीची. पूल, रस्ता, रेल्वे, पाण्याची टाकी यांवर पाहणीची यंत्रे, दर्जाच्या चाचण्या आणि सरकारी मापे असतात. ती जाणणारी माणसे थोडी, म्हणून पगार चढा. अहमदनगर (आता अहिल्यानगर) ते परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला, आणि बीडला गाडी पोहोचली 17 सप्टेंबर 2025 रोजी. तीस वर्षे चाललेले काम! या काळात भराव, पूल, स्थानके यांवर आपल्या जिल्ह्यातील मजूर पुष्कळ राबले. पण मजूर म्हणून शिरलेला माणूस त्याच कामावर सुपरवायझर म्हणून बाहेर पडला, अशी किती घरे आपल्या बिरादरीत निघतील? वाचकांनी आपल्या गावापुरते मोजून पाहावे.

तिसरी गोष्ट कागदाची. मोठ्या सरकारी निविदांमध्ये कामावर पदवीधर किंवा पदविकाधारक अभियंता ठेवण्याची अट असते. नसला तर गुत्तेदाराला दंड. त्यामुळे तिथे प्रमाणपत्र ही नुसती शोभा नसते, गुत्तेदाराची गरज असते. गृहप्रकल्पांत 2017 पासून महाराष्ट्रात रेरा कायदा लागू आहे. ग्राहकांच्या पैशातील 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि काम किती झाले याचा अभियंत्याचा दाखला जोडल्याशिवाय ती काढता येत नाही. त्यामुळे कामाची रोजची नोंद ठेवू शकणारा माणूस बिल्डरला हवाच असतो.

चौथी गोष्ट मापाची. आम्ही ज्या जुन्या गुत्तेदारांशी बोललो त्यांनी एकमुखाने सांगितले की साइटवर दोन प्रकारचे सुपरवायझर असतात, माणसे हाकणारे आणि बिल काढणारे. दुसऱ्याचा पगार नेहमी जास्त. मोजमाप पुस्तक लिहिता येणे, सळईचे कोष्टक तयार करणे, सिमेंटच्या गोण्यांचा वापर आणि शिल्लक जुळवणे, संगणकावर तक्ता भरणे, ही कामे ज्याला येतात तो मालकाचे पैसे वाचवतो. जो पैसे वाचवतो त्याला पगार मागता येतो.

पाचवी गोष्ट मालकाच्या खिशाची. चांगला सुपरवायझरही वाईट मालकाकडे उपाशी राहतो. 2025 मध्ये राज्यातील कंत्राटदार संघटनांनी सरकारकडील थकीत बिलांसाठी आंदोलने केली. थकबाकी 89 हजार कोटींच्या घरात असल्याचा त्यांचा दावा होता. वरची बिले अडली की सर्वात आधी थांबतो तो साइटवरच्या माणसांचा पगार. म्हणून नोकरी धरण्याआधी त्या मालकाकडे आधीच्या माणसांचे पगार कोणत्या तारखेला होत होते, याची चौकशी करावी. कंपनीच्या चकचकीत कार्यालयापेक्षा तिच्या जुन्या वॉचमनचे बोलणे जास्त खरे असते.

जोखमीचे मोल

पगाराची चर्चा करताना जोखीम विसरून चालत नाही. 31 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि 20 जण मरण पावले. अशा प्रसंगी पोलिसांची पहिली विचारणा असते, कामावर देखरेख कोणाची होती? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. टेकू कमी आहेत हे दिसत असताना मालकाच्या घाईपोटी स्लॅब टाकायला मान हलवणारा सुपरवायझर नोकरी वाचवत नसतो, गळ्यात फास अडकवून घेत असतो. "टेकू पुरे होईपर्यंत माल ओतणार नाही" हे लेखी देण्याची हिंमत हा या पेशाचाच भाग आहे.

आमच्या केज तालुक्याला दुसऱ्या एका जोखमीचीही ओळख पटली आहे. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनऊर्जा प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणातून तो झाल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात मांडले आहे. न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण त्या घटनेने एक गोष्ट सर्वांना दाखवली. मोठे काम गावात येते तेव्हा साइटवरचा माणूस आणि त्याला साथ देणारा गावकरी, दोघेही उघड्यावर असतात. जिथे दहशत असते तिथे चांगला व्यवस्थापक जास्त पगार मागतो किंवा येतच नाही. मग कामे लांबतात, गुत्तेदार बाहेरची माणसे आणतात, आणि गावचा कारागीर घरी बसतो. शांतता ही व्यापाऱ्याइतकीच गवंड्याचीही पुंजी आहे.

आखाताची वाट

आपल्या समाजात पगाराची गोष्ट निघाली की रियाल आणि दिरहम निघतातच. सौदी रियाल डॉलरशी 3.75 या दराने बांधलेला आहे, म्हणून डॉलर चढला की रियालचे रुपये वाढतात. 2025 मध्ये एका रियालला साधारण 22 ते 24 रुपये मिळत होते. समजा फोरमनला 3,000 रियाल मिळाले, राहणे कंपनीचे, आणि जेवणखाणाला 500 रियाल गेले. 2,500 रियालचे 23 च्या दराने 57,500 रुपये घरी येतील. आकडा मोठा आहे, यात शंका नाही.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी, म्हणजे 35,400 रुपयांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड लाख मागणारा एजंट कायद्याबाहेर आहे, आणि ते दीड लाख फेडण्यातच पहिले तीन महिने जातात. दुसरी गोष्ट, गवंडी म्हणून व्हिसा घेऊन गेलेल्याला तिथे फोरमनचे काम सांगितले तरी पगार करारातल्या पदाचाच मिळतो. जे काम करायचे तेच पद करारावर लिहून घ्यावे, आणि एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे की नाही हे पाहूनच पासपोर्ट हाती द्यावा.

कायदा कोणासाठी?

बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा आपल्या वाचकांना माहीत आहे. 18 ते 60 वयाच्या, वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. या कायद्यातील एक कलम मात्र फार थोड्यांनी वाचले होते. देखरेखीचे काम करून महिन्याला 1,600 रुपयांपेक्षा जास्त घेणारा माणूस त्यात कामगार धरला जात नव्हता! वर्षे लोटली, सिमेंटची गोणी कुठल्या कुठे गेली, पण 1,600 चा आकडा हलला नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही मुख्यतः व्यवस्थापन किंवा देखरेख करणाऱ्याला बांधकाम कामगारांत धरलेले नाही. म्हणून मिस्त्रींसारखा स्वतः थापी धरणारा माणूस मंडळाच्या योजनेत बसतो, पण त्यांचा सुपरवायझर मुलगा बसत नाही.

मुलासाठी दुसरी वाट आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन संहितेत व्यवस्थापक आणि सुपरवायझर हेही 'कर्मचारी' आहेत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि नोकरी सुटली तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला एक वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. बांधकामात नेमणुका बहुधा प्रकल्पापुरत्याच असतात, म्हणून ही तरतूद मोलाची. अट एकच, नेमणुकीचे पत्र हातात हवे. तोंडी नोकरीला कोणताही कायदा वाचवत नाही.

मग करावे काय?

छोट्या गुत्तेदार बंधूंना आमचे सांगणे असे. गुत्ते ठरवताना मजुरी वेगळी, सेंट्रिंग वेगळे आणि देखरेख वेगळी लिहा. मालक देखरेखीचे पूर्ण पैसे देईलच असे नाही, पण कागदावर आल्याशिवाय ते मागताही येत नाहीत. मालाच्या उशिरामुळे काम थांबले तर माणसांची खर्ची कोणाकडे, हे एका ओळीत आधीच लिहून घ्या. मागे ठेवायची रक्कम किती आणि ती कोणत्या महिन्यात द्यायची, तेही लिहा. स्वतःचा रोज हजेरीत मांडा, नफ्यात मिसळू नका. ज्या दिवशी तुम्ही थापी ठेवून फक्त देखरेख कराल, त्या दिवशी तुमचे गुत्ते तुम्हाला पोसते की नाही, हे या एका सवयीने कळेल.

थापी धरणाऱ्या तरुणांना सांगणे असे की वर जाण्याची शिडी आहे, पण ती मापाच्या टेपपाशी सुरू होते. नकाशा वाचायला शिका. ज्यांनी शाळा सोडली, त्यांच्या अंगच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी केंद्राची योजना आहे, तिची चौकशी करा. दहावी झालेल्यांसाठी बीडला आणि अंबाजोगाईला शासकीय तंत्रनिकेतने आहेत. आयटीआय किंवा बारावी विज्ञान झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी बांधकाम व्यवस्थापनच शिकवणारी निकमार ही संस्था 1983 पासून आहे, आणि ती पुण्यात आहे. फी अडत असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची विचारपूस करायला हरकत नाही.

आणि व्यापारी बंधूंना एक विनंती. आपण घर किंवा दुकान बांधतो तेव्हा मिस्त्रीचा दर शेवटच्या रुपयापर्यंत घासून कमी करतो, आणि मग स्लॅब गळला की त्यालाच दोष देतो. देखरेखीचे पैसे वाचवणारा मालक ते दुरुस्तीत दामदुपटीने भरतो. ज्या माणसाच्या भरवशावर आपण लाखो रुपये जमिनीत घालतो, त्याच्या डोळ्यांची मजुरी त्याला द्यावी.

युसूफ वडगावच्या त्या ओट्यावर अखेर असे ठरले. मुलाने कंपनीला लिहून तीन गोष्टी मागितल्या: राहण्याची सोय, पत्रावर पदाचे नाव, आणि सहा महिन्यांनी मोजमाप व बिलाच्या कामावर घेणे. पहिल्या दोन मान्य झाल्या, तिसरीला "बघू" असे उत्तर आले. तो दोन वर्षांसाठी पुण्याला गेला. जाताना त्याने अब्बांना दोनशे पानी वही आखून दिली, डावीकडे थापीचे, उजवीकडे देखरेखीचे.

परवा आम्ही पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा मिस्त्री नव्या घराचे गुत्ते बोलत होते. मालकाने दर कमी करायला सांगितला. मिस्त्रींनी वही उघडली, उजव्या बाजूवर बोट ठेवले आणि म्हणाले, "मजुरीत घ्या कमी-जास्त. हे मात्र माझ्या नजरेचे पैसे आहेत, यात घासाघीस नको." मालकाने चहा संपवला आणि उद्या सांगतो म्हणून उठला. दुसऱ्या दिवशी तो बयाणा घेऊन आला. देखरेखीची रक्कम त्याने अर्धी केली होती. पण पहिल्यांदाच ती वेगळ्या ओळीत लिहिलेली होती.